अंगावरचा शालू

“हंचाटे, ती साडी आधी उतरवा.”

वर्देसाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. मी गादीवर उभा होतो, आमसुली इरकलीत. डाव्या खांद्यावर पदर, उजवा हात कमरेवर, मान किंचित कलती. समोर मोहोळच्या तीन बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांतली थोरली नुकतीच म्हणाली होती, “आता जरा चालून दावा बरं.”

“साहेब, गिऱ्हाईक बघतंय,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणतोय. उतरवा.”

मी निऱ्या सोडल्या. थोरलीनं पिशवी उचलली. “ही काय रीत झाली? जेवताना ताटावरनं उठवल्यागत झालं की,” असं साहेबांना ऐकवून ती खाली उतरली. तिच्यामागं बाकीच्या दोघी. तिघींनी चहा घेतला होता, साडी मात्र घेतली नाही.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. पोफळे वस्त्रदालन, बार्शी शाखा. पोफळ्यांच्या तेव्हा नऊ शाखा होत्या आणि मुख्य कचेरी पुण्याला. मी सोळाव्या वर्षी सोलापूरच्या शाखेत साड्यांच्या घड्या घालायला लागलो आणि अठराव्या वर्षी गादीवर चढलो. गादीवर चढणं म्हणजे काय ते आता काउंटरमागं उभं राहणाऱ्यांना कळायचं नाही. पांढऱ्याशुभ्र गादीवर गिऱ्हाईक ऐसपैस बसायचं आणि विक्रेत्यानं साडी नुसती उलगडून दाखवायची नाही, पँटवरूनच कमरेला खोचून, निऱ्या घालून, पदर घेऊन उभं राहायचं. नऊ निऱ्या मी चौदा सेकंदांत घालत असे. कुणी बारा म्हणतात, पण मला उगाच वाढवून सांगायची सवय नाही.

अठ्ठावीस वर्षांत मी अंगावर घेतलेल्या साड्या एकीला एक जोडल्या असत्या तर दिल्लीला जाऊन परत आल्या असत्या. अंगाला साडी लागली की मी अंबादास हंचाटे उरतच नसे. लातूरला तर एकदा मी पैठणी नेसून समोर उभा असताना एका वयस्क गृहस्थांनी मला डोळे भरून पाहिलं आणि मालकांना विचारलं, “ह्यांचं गोत्र कोणतं?” मालक म्हणाले, “अहो, मिशी आहे त्याला!” तर गृहस्थ म्हणाले, “असू दे. आमचा मुलगा समजूतदार आहे.”

तर अशा माणसाला साडी उतरवायला सांगितली.

साहेबांची केबिन गादीच्या कोपऱ्यालाच होती, पाच लाकडी पायऱ्या चढून. तिन्ही बाजूंनी काच. आत बसल्या जागी साहेबांना सगळा मजला दिसायचा आणि सगळ्या मजल्याला साहेब दिसायचे. त्यांनी माझ्यासमोर पुण्याचं परिपत्रक ठेवलं.

“वाचा.”

“चष्मा खाली राहिलाय, साहेब.”

“मग ऐका. विक्रेत्यांनी यापुढे साडी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवू नये. मालाला घाम लागतो. शिवाय आधुनिक दालनाला ते शोभत नाही. साड्या पुतळ्यांवरच दाखवाव्यात. पुतळे मुंबईहून निघालेत.”

“शोभतं का नाही ते गिऱ्हाइकाला विचारा की, साहेब. पुतळा बोलतो का? ‘ताई, ह्याचा काठ बघा’ म्हणतो का?”

“हंचाटे, तुम्ही वयानं मोठे आहात, म्हणून एकदाच सांगतो.” साहेबांनी ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. “ही तुमची उमरग्याला बदली. चादरींच्या गोदामात. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या अंगावर मला पुन्हा साडी दिसली, की मी तारीख घालणार.”

माणूस वाईट नव्हता. बत्तीस वर्षांचा, पुण्याचा, शिपायालाही अहो-जाहो करणारा. पण पुण्यानं त्याला नव्यानं पाठवला होता, आणि नव्या माणसाला नियम हे नव्या बुटांसारखे असतात. चावतात, पण काढवत नाहीत.

घरी बायकोला सांगितलं. कस्तुरा खिडकीपाशी मशीनवर बसली होती. अर्धी बार्शी तिच्याकडून साडीला फॉल लावून घ्यायची. तिनं पाय थांबवला नाही.

“सोलापूर झालं, लातूर झालं, अकलूज झालं, बार्शी झाली. चार बिऱ्हाडं बांधली मी. पाचवं बांधणार न्हाई.”

“अजून तारीख कुठं घातलीय?”

“घातली तर तुम्ही जावा. चादरी मोजा, चादरीवर निजा. मी आणि मशीन हितं.”

“एकटाच जाऊ?”

“एकटं कशाला? साडी नेसून जावा. सोबत हुईल.”

तिला चेष्टा करायची सवय होती, पण ह्या खेपेला ती चेष्टा करत नव्हती. बार्शीत तिचा जम बसला होता आणि खरं सांगायचं तर माझाही. त्या गादीवर मी सुखात होतो. गोदामात चादरींना कोण चालून दाखवणार?

आठवड्याभरात पेंढ्यात गुंडाळलेल्या चार पुतळ्या आल्या. पावणेसहा फूट उंच, दुधासारख्या गोऱ्या, कंबर माझ्या दंडाएवढी. डोक्यावर केस नाहीत आणि तोंडावर काही भाव नाही. गादीवर माझ्याबरोबर रसूल तांबोळी असायचा, मला रॅकमधून साड्या काढून द्यायला. त्यानं पहिली पुतळी उभी केली, तिच्याकडं वर मान करून पाहिलं आणि म्हणाला, “अंबूअण्णा, तुझी सवत आली रे.”

“लई उंच आहे.”

“आणि गप बसती. तुझं काय खरं न्हाई.”

एका पुतळीला साडी नेसवायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागायची आणि सतरा टाचण्या. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊन, साडी घेऊन, घरी जाऊन भात टाकायचं.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, बस्ता आला.

नवरा करमाळ्याचा, नवरी वैरागची. दोन जीपगाड्यांतून बावीस माणसं उतरली. दोन्हीकडची मंडळी मिळून लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणार, म्हणजे दुकानाला दिवाळी. नव्या नियमानंतरचा तो पहिलाच बस्ता. वर्देसाहेब स्वतः दाराशी उभे राहिले, हात जोडून. मग केबिनमध्ये जाऊन काचेला नाक लावून बसले.

बस्त्यात एक माणूस पुढारी असतो. इथं तो मान नवरदेवाच्या आत्याचा होता. गयाबाई नाव. ठसठशीत कुंकू, हातात काठी. काठी टेकायला नव्हती, दाखवायला होती. नवरदेव खाली पँटपीसच्या विभागात गेला तो पुन्हा दिसलाच नाही. नवरीची आई, शालनबाई, बिचारी गादीच्या कडेला बसली होती, जणू गादी मळेल. आणि तिच्यामागं नवरी, वैजयंता. ती अशी बसली होती की गर्दीत आधी तिची चप्पल दिसली आणि मग ती.

रसूलनं हळदीकुंकवाचं तबक आणलं. गयाबाईंनी पहिल्या साडीला हळदकुंकू लावलं. मग त्यांची नजर वर गेली. समोर पुतळी उभी होती. गयाबाई उठल्या, टाचा उंच केल्या आणि पुतळीच्या कपाळाला बोटभर कुंकू टेकवलं.

केबिनचं दार उघडलं. “अहो बाई! ते पुसलं जाणार नाही!”

“पुसायचं कशाला, बाबा?” गयाबाई म्हणाल्या. “सवाष्ण हाय का न्हाई कुणाला ठाऊक, पर उघडं कपाळ बघवंना मला.”

दार हळूच मिटलं.

दुपारी दीडपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मानपानाच्या साड्या झाल्या, करवल्यांच्या झाल्या. “विहीणबाईंना काठ रुंद पायजेल,” “आमच्या जावेला मात्र हिच्यापेक्षा भारी नको,” असं चाललं होतं. मी बसल्या जागी साड्या उलगडत होतो आणि हात नुसते शिवशिवत होते. मग नवरीचा शालू निघाला आणि गाडं तिथंच रुतलं.

“मोतिया काढा,” गयाबाई म्हणाल्या.

मी मोतिया काढला. नवरीनं मान हलवली. न्हाई.

“बदामी काढा.” न्हाई. “अबोली.” न्हाई. “लिंबू.” न्हाई.

“तोंडानं सांग की, पोरी,” गयाबाई म्हणाल्या. “हितं कुणी तुला खात न्हाई.”

“मला... जरा गडद.”

“गडद?” गयाबाईंनी शालनबाईंकडं पाहिलं. शालनबाईंनी गादीच्या शिवणीकडं पाहिलं. “अगं, मी तुझ्या भल्याचं सांगती. तुझा रंग आधीच उतरता. त्यात गडद नेसलीस तर फोटूत नुसता शालूच दिसंल. जन्माचा फोटू असतोय.”

रसूलनं उगाच दोन घड्या मोडून परत घातल्या. मी रॅकच्या वरच्या खणातून एक गुलबक्षी शालू काढला. संध्याकाळी फुलणाऱ्या गुलबक्षीचा असतो ना, तोच रंग. जरीचा काठ, पदरावर कोयऱ्या.

“ह्या रंगात बघा.”

रसूलनं आणि मी तो पुतळीला नेसवला. सतरा टाचण्या. अख्खी गादी म्हणाली, “आहाहा!”

“छान दिसतोय की गं,” शालनबाई पहिल्यांदाच बोलल्या.

“दिसंल न्हाई तर काय,” गयाबाई म्हणाल्या. “पुतळी गोरीपान. खांबावाणी उंच. तिला गोणपाट गुंडाळलं तरी शोभंल.”

वैजयंतानं त्या पुतळीकडं फार वेळ पाहिलं. मग खाली मान घातली आणि पुन्हा हलवली. न्हाई.

अडीच वाजले. तीन वाजले. शालू पुतळीवर होता आणि कुणाचा निर्णय होत नव्हता. मी आणखी सतरा रंग दाखवले. म्हातारी मंडळी भिंतीला टेकून पेंगायला लागली. गयाबाई उठल्या.

“करमाळ्यात काय दुकानं न्हाईत का? शालनबाई, तुमच्या लेकीला काय पायजेल ते तिलाच ठावं न्हाई. चहा घेते आणि जीप काढा. शालूचं आमी आमच्याकडं बघू. मोतियाच घिऊ.”

त्या खाली गेल्या. त्यांच्यामागं शालनबाई गेल्या, पायात चप्पलही नीट न घालता. गादीवर वैजयंता उरली. काचेआडून साहेब अर्धे उठून बघत होते; बस्ता हातचा चालला होता. नुसत्या मानपानाच्या साड्या घेऊन करमाळ्याची मंडळी निघाली, तर पुण्याला काय कळवायचं?

“मामा,” वैजयंता म्हणाली.

“बोल, पोरी.”

“माझ्या थोरल्या बहिणीचा बस्ता हितंच झाला. सहा वर्सं झाली. तवा तुमी अंगावर घिऊन दाखवलं हुतं.”

“हिरवा शालू. लाल काठ. अक्काचं नाव कुसुम.” हे मात्र अगदी खरं. मला साड्या आठवतात आणि साड्यांवरून माणसं.

“मग आता का न्हाई दाखवत?”

“आता बंद झालं. वरनं हुकूम आहे.”

तिनं काचेकडं पाहिलं. मग गुलबक्षीकडं. “एकदा दाखवा की, मामा. ती गुलबक्षी. एकदाच.”

ड्रॉवरमधला तो कागद माझ्या डोळ्यांपुढं आला, तारखेची जागा मोकळी असलेला. कस्तुराची मशीन आली. उमरग्याच्या गोदामात चादरींवर एकटा निजलेला मी आलो. मी रसूलकडं पाहिलं. रसूल म्हणाला, “अण्णा, माझ्याकडं बघू नको. मी बघितलंच न्हाई.” आणि पुतळीच्या अंगावरच्या टाचण्या काढायला लागला.

मी हात धुतले, रुमालानं मान पुसली आणि गादीवर उभा राहिलो.

नऊ निऱ्या. चौदा सेकंद. आठ-दहा दिवसांनी अंगाला रेशीम लागलं होतं, तेव्हा कदाचित तेराच. पदर खांद्यावर टाकला आणि पुढचं पाऊल टाकलं, तोवर गयाबाई जिन्यात आल्या होत्या.

“अगं बया!” त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. त्यांच्यामागं शालनबाई, त्यांच्यामागं करवल्या. भिंतीची म्हातारी मंडळी जागी झाली. सगळी गादी हसायला लागली. एकटी वैजयंता हसत नव्हती.

“मागं फिरा, मामा.”

मी फिरलो.

“चालून दाखवा.”

मी चाललो, निऱ्या पायात न येऊ देता, लग्नाच्या दिवशी नवरी चालते तसा.

“बोहल्यावर बसल्यागत बसा.”

मी पाटावर बसल्यासारखा बसलो, गुडघे जवळ, पदर मांडीवर.

“आता थोरल्यांच्या पाया पडा.”

मी गयाबाईंच्या पाया पडलो. “औक्षवंत व्हा,” त्या बोलून गेल्या आणि मग स्वतःच हसल्या. “मेला काय नाजूक वाकतोय! आमच्या सुना वाकत न्हाईत असं.”

वैजयंता उठली. माझ्याभोवती एक पूर्ण फेरा घातला. माझ्याकडं, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडं, तिनं असं निरखून पाहिलं की मला उगाचच मिशी सरळ करावीशी वाटली.

“आत्याबाई, शोभतोय का?”

“कुणाला?”

“मामांना.”

गयाबाईंनी डोळे बारीक केले. खोटं बोलायची बाई नव्हती ती. “शोभतोय,” त्या म्हणाल्या. “का कोण जाणे, पर शोभतोय. रंग उठून दिसतोय.”

“मग हाच.”

“अगं, पर—”

“हाच, आत्याबाई.” सकाळपासून ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली होती. “तुमीच म्हणालात, शोभतोय.”

गयाबाईंनी काठी गादीवर आडवी ठेवली. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “जीप थांबवा म्हणावं. आता माझ्या साडीचं बघू. मलाबी जरा गडदच काढा.”

गादीवर पुन्हा कल्ला सुरू झाला, आणि त्या कल्ल्यातून मला काचेवर टकटक ऐकू आली.

“हंचाटे. वर या.”

“साडी सोडून येतो, साहेब.”

“तसेच या.”

पाच पायऱ्या मी निऱ्या उचलून चढलो. आत साहेबांनी टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला होता आणि पेनाचं टोपण काढलं होतं.

“आज काय तारीख आहे?” ते विचारत होते, पण मला नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरला.

“साहेब, बस्ता राहिला ना?”

“राहिला. त्याबद्दल आभार. नियम मोडला तोही राहिलाच. आज बस्त्यासाठी मोडला, उद्या ब्लाउजपीससाठी मोडाल.” त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा चालत नव्हता. “मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो. गुलबक्षी शालूत भांडता येत नाही; निऱ्या सुटतात.

दारावर कुणीतरी बोट वाजवलं. वैजयंता आत डोकावली.

“साहेब, साडी पायजे.”

“कोणती साडी?”

“ह्यांच्या अंगावर हाय ती.”

साहेब गडबडले. उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. साहेबांनी टोपण पेनाला लावलं, पुन्हा काढलं.

“ताई, एक विचारू? हाच शालू आमच्या पुतळीवर दीड तास होता. चांगला दिसत होता. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात.”

“पुतळीवर कायबी चांगलंच दिसतंय की, साहेब. त्यात शालूचं काय कळणार?”

“आणि हंचाट्यांवर कळलं?”

मी पदर जरा नीट केला. अठ्ठावीस वर्षांची कला. कुणीतरी साहेबांना एकदा सांगायलाच हवं होतं. मी मान किंचित कलती केली आणि ऐकायला उभा राहिलो.

“कळलं.” ती माझ्याकडं वळली. “मामा, राग मानू नका हं.”

“छे, छे. बोल की.”

“मामा माझ्याएवढेच बुटके हायत,” ती साहेबांना समजावून सांगायला लागली, शाळेत गणित समजावतात तसं. “रंग माझ्यापरीस जरा डावाच. पोट सुटलंय. मान आखूड. वरनं मिशी. एवढं सगळं असूनबी त्यांना शालू शोभला, आत्याबाईसुद्धा म्हणाल्या शोभला. मग मला न शोभायला काय झालं?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मी आयुष्यात पुष्कळ कौतुकं ऐकली, त्यांतली निम्मी मीच पसरवलेली. पण तसलं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही. मी माझ्या पोटाकडं पाहिलं. त्यावर गुलबक्षीच्या निऱ्या कशा बसल्या होत्या! खरंच शोभत होतं.

“सहा वर्सांमागं कुसुमच्या बस्त्यालाबी मला असंच वाटलं हुतं,” वैजयंता म्हणाली. “तवा मी बारकी हुते. म्हटलं, ह्या मामांना शोभतं, तर मोठेपणी आपलं कायतरी हुईल.”

साहेबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. चार महिने रोज पाहत होते, पण आज नीट पाहिलं.

“हंचाटे, तुमची उंची किती?”

“पाच फूट तीन, साहेब.”

“पाच,” वैजयंता म्हणाली. “मी पाच हाय. मामा माझ्याएवढे.”

साहेबांनी ड्रॉवरमधून टेप काढली. मला वाटलं, उमरग्याच्या गोदामात गणवेश असावा. त्यांनी उंची मोजली, खांदे मोजले, छाती मोजली. मग पोट मोजलं, टेपकडं पाहिलं, पुन्हा मोजलं. समोर जो कागद होता तोच उलटा करून त्याच्या पाठीवर सगळे आकडे लिहिले.

“साहेब, मापं घेऊन झाली असली तर त्यांना साडी सोडू द्या,” वैजयंता म्हणाली. “आत्याबाईंचं मन फिरायच्या आत मला ती घडी हातात पायजे.”

तो कागद गेला, पण उमरग्याला नाही. मुंबईला गेला, पुतळे करणाऱ्या कारखान्यात. तिकडून पंधरा दिवसांनी पत्र आलं: “आपण कळवलेल्या मापांत चूक झालेली दिसते. कंबर छातीपेक्षा जास्त भरते. कृपया तपासून कळवावे.” साहेबांनी उलट टपाली दोन शब्द पाठवले: “तपासले. बरोबर.”

पुतळी येईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून मला साड्या अंगावर घ्यायची परवानगी मिळाली. आत एक सुती जाकीट घालायचं, एवढीच अट. ती तात्पुरती व्यवस्था मी निवृत्त होईपर्यंत चालली, कारण पुतळी आली तरी बायका तिच्याकडं बघून आत यायच्या आणि “ती चालती का हो?” असं विचारायच्या. पुढं नऊच्या नऊ शाखांत माझ्या मापाच्या पुतळ्या गेल्या. तेरा गेल्या असंही मी काही ठिकाणी सांगितलंय, पण शाखा नऊच होत्या. उमरगा मी अजून पाहिलेलं नाही. चांगलं गाव आहे म्हणतात.

पहिली पुतळी बार्शीला आली तो दिवस सांगतो आणि थांबतो. गव्हाळपेक्षा दोन छटा पुढचा रंग, रुंद खांदे, पुढं आलेलं पोट. मिशी कारखान्यानं दिली नव्हती. रसूलनं तिला जांभळी इरकल नेसवली, डोक्यावर पदर दिला आणि टाचण्या संपल्या म्हणून तिला तशीच भिंतीकडं तोंड करून ठेवून तो खाली गेला. मी गादीच्या दुसऱ्या टोकाला घड्यांच्या थप्पीमागं बसलो होतो.

तेवढ्यात कस्तुरा फॉल लावलेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन वर आली. जिना चढून दमली होती. गाठोडं गादीवर ठेवलं, घाम पुसला आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्या इरकलीला म्हणाली, “अहो, किती येळ असं उभं ऱ्हायचं? जरा बसा की. पाय दुखतील.”

इरकल काही बोलली नाही.

“आणि दुपारी येळेवर या. वांग्याचं भरीत केलंय. आवडतं ना तुमाला?” ती थोडी थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ह्या रंगात चांगले दिसताय हो.”

मी हाक मारणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकं गोड कधी बोलली नव्हती, म्हणून पुढचं ऐकावं म्हटलं. उलट उत्तर आलं नाही तशी तिनं समाधानानं मान हलवली आणि जिना उतरून गेली.

दुपारी वेळेवर घरी गेलो. भरीत खरंच होतं.

“आज दुकानात कसे शहाण्यागत वागलात,” कस्तुरा भाकरी वाढत म्हणाली. “एक शब्द उलट बोलला न्हाईत.”

मी गप्प बसलो आणि दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं.